भरतीला मंडप, सुटकेला कागद

आपल्या जिल्ह्यात फौजी कायमचा घरी येतो तेव्हा त्याची मिरवणूक निघते. गडहिंग्लज, चंदगड, राधानगरी, शिरोळ, कुठंही जा. वेशीवर उघडी जीप, पुढं हलगी-कैताळ, कमानीवर ‘सेवापूर्ती’चा फ्लेक्स. जीपमध्ये फेटा बांधलेला माणूस, शेजारी पाचवारी नेसलेली बायको, आणि मागं चढायला लाजणारी आठवीतली मुलगी. माणसाचं वय असतं सदतीस, अडतीस, फार तर पंचेचाळीस. शिपाई म्हणून सतरा वर्षं काढलेली असतात, हवालदार झाला असेल तर चोवीस-सव्वीस.

मिरवणुकीला माझा अजिबात आक्षेप नाही. गावानं एवढं तरी करावंच. माझी तक्रार पुढच्या सोमवारची आहे. त्या सोमवारी हा माणूस प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आधार आणि पासपोर्ट फोटो घालून एसटीनं कोल्हापूरला येतो. एका खिडकीवर पत्नीच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं निघतं. दुसरीकडं ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डाचा अर्ज ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून राहतो. पेन्शनसाठी ‘स्पर्श’ पोर्टलचा पासवर्ड टाकायचा तर ओटीपी जातो पठाणकोटमध्ये घेतलेल्या नि आता बंद पडलेल्या नंबरावर. कालपर्यंत त्याच्या जेवणाची वेळसुद्धा दुसरं कुणी ठरवत होतं, आणि आज त्याला कुठल्या मजल्यावर जायचं हे सांगणारंही कुणी नाही.

भरतीचं बघा. मैदान आखलेलं, मंडप घातलेला, डॉक्टर, मोजपट्ट्या, रात्री दोनपासून रांगा, बंदोबस्त. कलेक्टरपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळी यंत्रणा हलते. माणूस आत घ्यायला राज्यसंस्था एवढी तयारी करते, आणि बाहेर सोडायला तिच्याकडं एक तारीख आणि एक कागद असतो. माझं म्हणणं सरळ आहे: सैनिकाला सोडणं हे भरतीइतकंच मोठं सरकारी काम आहे आणि ते एका तारखेत उरकत नाही. त्याला काळ द्यावा लागतो. तोही पगारी, नोकरी संपायच्या आतला. हे कुणी आजवर केलंच नाही असं नाही. केलं त्यांचं निभावलं, टाळलं त्यांना महागात पडलं, आणि या दोन्हीचे दाखले कोल्हापूरच्या मातीत आहेत.

शिवाजी महाराजांच्या लष्कराचा शिरस्ता सभासदानं आपल्या बखरीत लिहून ठेवला आहे. पावसाळा छावणीत, दसऱ्याला बाहेर, आठ महिने मुलूखगिरी, वैशाखात परत. परत आल्यावर झाडा घ्यायचा, म्हणजे जाताना काय नेलं आणि येताना काय आणलं याचा हिशेब मांडायचा. दसरा चौकात आपण दरवर्षी शमीपूजन करतो आणि सोनं लुटतो ते त्या सीमोल्लंघनाचं. जाण्याचा सण आपण जपला, परतीच्या झाड्याचा मात्र विसरून गेलो. त्या काळाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. मुलूखगिरी ज्यांच्या मुलखात होई त्यांना विचारा. पण माणूस लढाईवर पाठवण्याच्या व्यवस्थेतच तो परत घेण्याची सोय होती, एवढं खरं. ऋतू, शेत आणि हिशेब या तीन गोष्टी त्याला पुन्हा घरात आणून बसवत.

१८१८ नंतर ती घडी मोडली. पेशवाई गेली, लढाया थांबल्या, आणि ज्यांचं पोट हत्यारावर होतं अशी हजारो माणसं देशभर रिकामी झाली. कोल्हापूर संस्थानात त्याचा स्फोट व्हायला पाव शतक लागलं. किल्ल्यांवर गडकरी होते. पिढीजात शिबंदी. किल्ला राखायचा आणि त्या बदल्यात गडाखालची जमीन खायची, असा बंदोबस्त. इंग्रजांच्या नजरेनं पाहिलं तर ही माणसं आता निरुपयोगी होती. शत्रू नाही, तोफा गंजलेल्या, मग जमीन कशाला? गादीवर अल्पवयीन राजा होता. कंपनीच्या पसंतीचे कारभारी दाजी कृष्ण पंडित यांनी महसुलाची सुधारणा काढली आणि गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या कारभाराखाली घातल्या. हिशेबाच्या वहीत ही सुधारणा चोख होती. १८४४ च्या पावसाळ्यात सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. पाठोपाठ भुदरगड उठला. पुढं पन्हाळ्यावर खुद्द इंग्रज अधिकारी कर्नल ओव्हान्स बंडवाल्यांच्या कैदेत गेला. सामानगड ऑक्टोबरात पडला, पन्हाळा आणि पावनगड १ डिसेंबरला. बंड मोडलं, किल्ल्यांची तटबंदी पाडली, शिबंदी बरखास्त झाली.

पन्हाळ्याला आपण मिसळ आणि झुणका-भाकर खायला जातो तेव्हा पडक्या तटाकडं बघून ‘काळानं पाडलं’ म्हणतो. बराचसा माणसांनी पाडला आहे. आणि त्या पाडापाडीची सुरुवात कुठल्या लढाईतून झाली नव्हती. लढाया संपल्यावर लढवय्यांचं काय करायचं, या प्रश्नाला मामलेदाराच्या वहीतून उत्तर शोधलं, तिथून ती झाली. गडकऱ्यांना कायम पोसायलाच हवं होतं असं मला म्हणायचं नाही. व्यवस्था जुनी झाली होती, कधीतरी मोडावीच लागली असती. पण तिच्या बदल्यात काय, हे न सांगता जमिनीला हात घातला. माणूस उठतो तो बहुतेक वेळा इथं.

यानंतरची मोठी शाळा म्हणजे दोन महायुद्धं. पहिल्यात आपल्या भागातली पोरं मेसोपोटेमियात गेली. कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. १९१६ च्या एप्रिलात कूत पडलं आणि कैदेत गेलेल्यांपैकी कितीतरी परतले नाहीत. युद्ध संपताना ब्रिटननं आपल्याच सैनिकांना सोडायची एक योजना काढली, आणि ती कागदावर अत्यंत हुशार होती. उद्योग सुरू करायला जी माणसं आधी लागतील, ज्यांची नोकरी तयार आहे, त्यांना आधी सोडायचं. अडचण अशी की नोकरी तयार असलेला बहुधा सर्वात शेवटी भरती झालेला असे. चार वर्षं चिखलात काढलेला मागं राही आणि चार महिन्यांचा घरी जाई. १९१९ च्या जानेवारीत फोकस्टन बंदरात हजारो सैनिकांनी बोटीत चढायला नकार दिला. त्याच महिन्यात चर्चिल युद्धमंत्री झाले. त्यांनी योजना गुंडाळली आणि साधा नियम आणला: जास्त वय, जास्त सेवा, जखमा, तो आधी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटननं वय आणि सेवेचाच नियम पहिल्यापासून ठेवला.

हिंदुस्थानात १९३९ ला फौज सुमारे दोन लाखांची होती, १९४५ पर्यंत ती पंचवीस लाखांवर गेली. एवढी माणसं सक्तीशिवाय जमवली याचं कौतुक इंग्रज आजही करतात. त्यांना परत पाठवायचं कसं, हे १९४६ च्या सुरुवातीला पुरतं उघडं पडलं. आधी संप केला तो गोऱ्यांनी. जानेवारीत कराचीच्या ड्रिग रोड तळावर रॉयल एअर फोर्सच्या जवानांनी काम थांबवलं. मागणी एकच, आम्हाला घरी सोडा. ते लोण इतर तळांवर पसरलं. मग १८ फेब्रुवारीला मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ तळावर नाविकांचं बंड झालं. त्याचा राजकीय इतिहास आपल्याला पाठ आहे: आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका, वंशभेद, सडकं जेवण. पण मागण्यांच्या यादीत आणखी एक कलम होतं आणि भाषणांत ते कुणी घेत नाही. वय आणि सेवेच्या क्रमानं लवकर सुटका करा, आणि सुटल्यावर पोटापाण्याचं काम द्या. विशी-बाविशीची पोरं होती ती. स्वातंत्र्याइतकीच त्यांना पुढच्या महिन्याची चिंता होती, आणि त्यात कमीपणा काय आहे?

इथं एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो पांढरपेशा वस्तीत दबक्या आवाजात येतो. हत्यार चालवायला शिकलेली तरुण पोरं रिकामी फिरली तर गुन्हेगारी वाढेल. चार वर्षांच्या फौजी नोकरीची अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा हे टीव्हीवर सर्रास बोललं गेलं. मला हा आक्षेप अर्धवट वाटतो, शिवाय अपमानास्पदही. सौमित्र झा आणि स्टीव्हन विल्किन्सन या अभ्यासकांनी फाळणीच्या हिंसेचा अभ्यास करून २०१२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. महायुद्धात प्रत्यक्ष लढाईचा अनुभव घेतलेले लोक ज्या जिल्ह्यांत जास्त होते तिथं अल्पसंख्याकांना हुसकावण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पण हा अनुभव अल्पसंख्याकांपाशी असेल तेव्हा तोच त्यांना संघटित होऊन निसटायला उपयोगी पडल्याचंही त्यांना दिसलं. कला एकच. ती माणसं गोळा करणं, शिस्तीनं हलवणं, घाबरू न देणं. ती कुणाच्या कामी येईल हे सैनिकाच्या स्वभावापेक्षा त्या वेळी त्याला कोण बोलावतं यावर ठरतं. रिकाम्या फौजीची भीती वाटत असेल तर त्याला आधी आपण बोलवावं, इतका साधा तर्क आहे.

आता वळिवडे. कोल्हापूरकराला गांधीनगर म्हणजे स्वस्त कापडाची पेठ. त्या पेठेच्या जागी १९४३ ते ४८ दरम्यान पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतांश बाया आणि पोरं. स्टालिननं सैबेरियाकडं हाकललेली कुटुंबं इराणमार्गे इथवर आली होती. पंचगंगेच्या काठावर त्यांनी चर्च थाटलं, शाळा चालवल्या, नाटकं केली. पुढं त्याच बराकींत सिंधहून आलेली कुटुंबं राहिली, हे सगळ्यांना माहीत आहे. या बायांचे नवरे, भाऊ, बाप कुठं होते याचा उल्लेख मात्र क्वचित होतो. त्यातले पुष्कळ जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यात होते, इटलीत माँते कासिनोला लढत होते.

युद्ध जिंकलं आणि या सैनिकांना घरच उरलं नाही. पोलंड रशियाच्या पंजात गेलं, अनेकांची गावं तर थेट सोव्हिएत हद्दीत. परत जायला ते तयार नव्हते. ब्रिटनपुढं प्रश्न होता की लाखावर परकी, लढलेली, बेघर माणसं सोडायची कुठं. त्यांनी १९४६ मध्ये ‘पोलिश रिसेटलमेंट कोअर’ उभी केली. सैनिकानं तिच्यात दोन वर्षांपर्यंत भरती व्हायचं. पगार फौजेचा, शिस्त फौजेची, पण शिकायचं इंग्रजी आणि एखादा धंदा. बाहेर काम लागलं की त्याला राखीव यादीवर टाकायचं. काम लागेपर्यंत तो रस्त्यावर नाही. एक लाखाहून जास्त सैनिक या वाटेनं गेले. १९४७ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा झाला, आणि वळिवड्यातल्या कित्येक बायापोरी आपल्या माणसांकडं बोटीनं इंग्लंडला गेल्या त्या या व्यवस्थेमुळं.

ती योजना साजूक तुपातली नव्हती. ब्रिटनला कोळशाच्या खाणीत आणि शेतावर माणसं हवी होती, तो स्वार्थ होता. कामगार संघटनांनी विरोध केला. मोठमोठ्या अधिकाऱ्यांना हलकी कामं पत्करावी लागली. नॉर्मंडीत चिलखती डिव्हिजन चालवलेला जनरल माचेक एडिनबरोच्या एका हॉटेलात बारच्या काउंटरमागं उभा राहिला, ही ब्रिटनसाठी शोभेची गोष्ट नव्हे. तरीही योजनेचा गाभा मला पटतो. वर्दी उतरवणं आणि दुसरं काम धरणं यांच्यात जी खाई असते ती सैनिकानं स्वतःच्या खिशातून भरायची नाही, फौजेनं भरायची. आपल्या पंचगंगेकाठच्या छावणीशी बांधलेली ही योजना आपल्याकडच्या चर्चेत कुणी काढत नाही, याचं नवल वाटतं.

(कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे जनरल एस. पी. पी. थोरात १९५३ मध्ये कोरियात भारतीय कस्टोडियन फोर्स घेऊन गेले. मायदेशी जायला नकार देणारे वीस हजारांवर युद्धकैदी त्यांच्या ताब्यात होते. कुणाला कुठं सोडायचं याचा तिढा महिनोन्‌महिने सुटेना. शेवटी ऐंशीहून जास्त कैदी कुठल्याच बाजूला न जाता भारतात आले. युद्ध संपलं म्हणजे सैनिक मोकळा झाला, हे समीकरण किती भाबडं आहे ते या वडगावकरानं जवळून पाहिलं. निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. जनरलना अशी वाट सापडते.)

आपल्याकडं कायद्याला हे अजिबात कळत नाही असं नाही. टेंबलाईच्या टेकडीवर मराठा लाईट इन्फन्ट्रीची १०९ वी प्रादेशिक सेनेची बटालियन आहे. प्रादेशिक सेनेतला माणूस मुळात कुठंतरी नोकरीला किंवा धंद्यात असतो. गरज लागली की वर्दी चढवतो आणि परत जातो. १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्यात त्याला मालकानं पुन्हा कामावर घेण्याची तरतूद आहे. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, मे २०२५ मध्ये, केंद्रानं या सेनेच्या ३२ पैकी १४ पायदळ बटालियन बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना दिला, तेव्हाही हा कायदा त्या माणसांच्या मागं उभा होता. म्हणजे ज्याच्या हाताला आधीच काम होतं त्याच्या परतीची हमी आहे. जो अठराव्या वर्षी सरळ बारावीच्या बाकावरून उठून गेला, ज्याला दुसरं काम शिकायला वेळच मिळाला नाही, त्याला हमी नाही. मला वाटतं हे उलटं हवं होतं.

आणि तो उठून गेलेला पोरगा आता परत येतोय. अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वयात भरती, चार वर्षं सेवा, त्यातले फार तर २५ टक्के कायम, बाकीचे बाहेर. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ‘माजी सैनिक’ हा दर्जा नाही. सुटताना व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा त्याच्याच पगारातून दरमहा ३० टक्के कापून जमा झालेला. पहिली तुकडी २०२२ सरता सरता प्रशिक्षणाला लागली. तिची चार वर्षं २०२६ संपता संपता, २०२७ च्या तोंडाशी भरतात.

सरकारच्या बाजूनं जे आहे तेही प्रामाणिकपणे मांडलं पाहिजे. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाच्या दर शंभर रुपयांतले सुमारे तेवीस पेन्शनवर होते, १ लाख ४१ हजार कोटींच्या आसपास. हा बोजा खरा आहे. फौजेचं सरासरी वय खाली आणणं ही मागणीही जुनी आणि रास्त आहे. मी अल्पमुदतीच्या सेवेच्या विरोधात नाही. साठच्या दशकापर्यंत आपल्याकडं शिपाई सात वर्षं पलटणीत काढून पुढची आठ वर्षं राखीव यादीवर असायचा. लढाई लागली तर परत बोलवायचा. दोन्ही मिळून पंधरा वर्षं भरली की त्याला छोटीशी का होईना राखीव सैनिकाची पेन्शन मिळे. सेवा लहान होती, पण धागा तुटत नव्हता. १९६२ नंतर आणीबाणीत घेतलेले अधिकारी पुढं सोडले तेव्हा केंद्रीय सेवांमध्ये त्यांच्यासाठी जागा राखल्या गेल्या. अधिकाऱ्यांसाठी साठ वर्षांपूर्वी सुचलेलं शिपायांसाठी आज अर्धंमुर्धं सुचतं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत १० टक्के जागा जाहीर झाल्या, बारावीचं प्रमाणपत्र आणि इग्नूच्या पदवीला श्रेयांक ही सोय झाली. चांगलं आहे. पण केंद्रीय दल म्हणजे पुन्हा वर्दी, पुन्हा सीमा, पुन्हा नवं प्रशिक्षण. घरी परतणं यात कुठं आलं?

घरी परतल्यावर काय होतं ते पेन्शनवाल्यांकडून शिकता येतं. आमच्या ओळखीचे एक हवालदार ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या विभागात होते, वीसेक वर्षं रणगाड्यांची इंजिनं खोलली. आता ते एका पतसंस्थेच्या दारात स्टुलावर बसतात. बारा बोअरची बंदूक, खाकी शर्ट, जेवायचा डबा स्टुलाखाली. इंजिन दुरुस्त करणारा माणूस दारात का, तर त्यांच्या लष्करी ट्रेडचा कागद दाखवल्यावर बाहेरच्या कारखान्यात “आयटीआय आहे का?” असं विचारलं गेलं. इकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित वसाहतीत फौंड्रीवाले कुशल हात मिळत नाहीत म्हणून रडतात आणि बिहार-ओडिशातून माणसं आणतात. महाराष्ट्रात क आणि ड वर्गाच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी लागणारी टंकलेखनाची, संगणकाची, पदवीची अट मात्र सियाचीनमध्ये बसून कशी पुरी करायची हे कुणी सांगत नाही. सरकारचं माजी सैनिक महामंडळ आहे, ‘मेस्को’. त्याचं नाव काढलं की आपल्याला पहिल्यांदा सुरक्षारक्षकच आठवतो. पहारा हे हलकं काम आहे असं नाही. पण सैन्यात रेडिओ चालवणारे, पूल बांधणारे, जखमा शिवणारे, पाचशे माणसांचा स्वयंपाक रांधणारे असतात, आणि गावी परतल्यावर त्या सगळ्यांचा एकच माणूस होतो: दारातला.

घरातलं वेगळंच. सतरा वर्षं शेत, दूध संस्थेचं खातं, पोरांची शाळा, सासूचं दुखणं बायकोनं एकटीनं ओढलेलं असतं. ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा हे तिनं ठरवलेलं असतं. आता एक माणूस येतो जो पहाटे पाचला सगळ्यांना उठवतो आणि चपला ओळीत का नाहीत विचारतो. रजेवरचा नवरा पाहुण्यासारखा असतो. कायमचा आलेला नवरा कुठं बसवायचा, हे त्या घराला नव्यानं शिकावं लागतं. याचं प्रशिक्षण कुठंच नाही, ना त्याला ना तिला. सैनिक टाकळीसारख्या गावात, जिथं घरोघरी वर्दी आहे, तिथं हे शेजारपाजारी सांभाळून घेतात. एखाद्या वाडीत एकटाच फौजी असेल तर तो पारावर बसून राहतो किंवा दुसरीकडं बसतो. दुसरीकडं म्हणजे कुठं, ते गावाला ठाऊक असतं.

आणि पैसा. फौजीचा निवृत्तीचा पैसा हे आपल्या भागातल्या दामदुप्पटवाल्यांचं आवडतं खाद्य आहे. एजंट बहुधा त्याच्याच पलटणीतला, आधी सुटलेला. चाळिशीचा हवालदार फसतो तिथं तेवीस वर्षांच्या पोराच्या खात्यात अकरा लाख एकदम आले तर काय होईल? बुलेट, घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न, आणि उरलेल्याला कुणाची तरी योजना.

“फौजीलाच एवढं का? इचलकरंजीच्या यंत्रमागावर आयुष्य घालवलेल्याला कोण विचारतं?” हा प्रश्न मला रास्त वाटतो. त्याला कुणी विचारत नाही, ही लाजच आहे. पण यंत्रमागवाला मालकाशी पटलं नाही तर दुसऱ्या शेडमध्ये जातो. सैनिकाला मध्येच सोडून जाता येत नाही, तसं केलं तर तो गुन्हा ठरतो. ज्या वयात त्याचे सवंगडी हातात कला घेत होते ती वर्षं सरकारनं कराराने विकत घेतली. ज्यानं बाकीच्या वाटा बंद केल्या त्यानं एक तरी उघडून द्यावी. आणि अग्निवीराच्या मागं तर पेन्शनही नाही, म्हणून माझ्या मते रांगेत तो पहिला.

मग करायचं काय? चार वर्षांतले शेवटचे सहा महिने, जमल्यास वर्ष, सुटणाऱ्या जवानाला त्याच्या जिल्ह्यात पगारावर ठेवावं. फौज म्हणेल, तयार झालेला माणूस शेवटच्या वर्षी सोडणं परवडत नाही. पण त्यातले तीन चतुर्थांश असेही जाणारच आहेत. या काळात त्यानं फौंड्रीत, सूतगिरणीत, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये, दवाखान्यात शिकावं, पैसे केंद्रानं द्यावेत, आणि शेवटी मिळणारा दाखला आयटीआयच्या बरोबरीचा धरावा. सेवानिधी एकरकमी न देता यातल्या निम्म्याचे हप्ते हवे असतील त्याला तशी मुभा असावी. आणि सुटल्यावर त्याला प्रादेशिक सेनेच्या किंवा आपत्ती व्यवस्थापनाच्या राखीव यादीवर घ्यावं, वर्षातले काही दिवस मानधनावर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ-करवीरची गावं पाण्यात होती तेव्हा बोटी बाहेरून यायची वाट आपण किती वेळ बघत बसलो ते आठवा. नाव वल्हवणारी, दोर टाकणारी, घाबरलेल्या म्हातारीला उचलून आणणारी शंभर-दीडशे शिकलेली पोरं प्रत्येक नदीकाठच्या तालुक्यात बसून असतील, तर तो खर्च कुणाला जड होणार आहे?

यातलं निम्मं दिल्लीच्या हातात आहे आणि दिल्ली तिच्या गतीनं हलेल. पण काही गोष्टींना दिल्ली लागत नाही. कोणत्या गावातून कोण भरती झाला हे कोल्हापूरच्या भरती कार्यालयाला माहीत आहे. त्यातले कुणाकुणाचे करार २०२७ च्या आत संपतात ही यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं आताच मागून घ्यावी. अग्निवीर माजी सैनिकाच्या व्याख्येत बसत नाही, मग आपल्या कक्षेत येत नाही, असं म्हणून त्या कार्यालयानं हात झटकू नयेत, आणि झटकले तर पालकमंत्र्यांनी जाब विचारावा. ध्वजदिनाच्या निधीचं उद्दिष्ट दर डिसेंबरला शाळा-कचेऱ्यांना वाटून दिलं जातं. तसंच एक उद्दिष्ट जिल्ह्यातल्या कारखान्यांना आणि दूध संघाला द्यावं, की सुटून येणाऱ्यांपैकी किती जणांना शिकाऊ म्हणून घेणार. उद्योजकांच्या संघटना उद्यमनगरात आहेत, शिवाजी विद्यापीठ आहे, एनसीसीचं गट मुख्यालय आहे. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही, एका सदस्यानं लेखी पत्र दिलं तरी पुरे.